‘बडोद्याची मंडळी’ ग्रुप: शाळेच्या जेवणातलं मांस कुणाच्या हातून येतं?

ताई (न्यू जर्सी): नमस्कार मंडळी. आत्या, प्रश्न तुझ्यासाठी आहे, पण सगळ्यांनी वाचा. चिकूच्या शाळेचा या आठवड्याचा जेवणाचा तक्ता टाकलाय. सोमवारी चिकन नगेट, मंगळवारी हॉट डॉग, बुधवारी पेपरोनी पिझ्झा, गुरुवारी टर्की हॅमचं सँडविच, शुक्रवारी चिकन पॅटी. काल घरी येऊन म्हणाला, नगेट आतून चिकट होतं म्हणून टाकून दिलं. घरी मी मांस रविवारीच करते. तिकडे पाचही दिवस, आणि एकही दिवस मांसाचा अख्खा तुकडा नाही. मी उगाच घाबरतेय का?

अण्णाकाका: अगं, अमेरिकेत सगळं तपासूनच देत असतील. सरकारी योजना आहे ना ती?

ताई (न्यू जर्सी): हो काका, 1946 पासून आहे. बरंचसं मांस सरकारच खरेदी करून शाळांना देतं.

भाऊ (मांजलपूर): हा व्हिडिओ बघा. नगेट असे बनतात. गुलाबी लगदा, त्यात अमोनिया. चिकूला लगेच बंद कर.

आत्या: अरे, हा व्हिडिओ पुढे पाठवू नकोस. यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात आणि त्यामुळे खरी काळजी बाजूला राहते.

अमोनियाची गोष्ट गाईच्या मांसाची. चरबीला चिकटलेले बारीक तुकडे कोमट करून फिरत्या यंत्रात घालतात, चरबी वेगळी होते, उरलेल्या मांसाला जंतू मारायला अमोनिया वायू देतात आणि ते खिम्यात मिसळतात. 2012 साली यावर अमेरिकेत गदारोळ झाला. ह्यूस्टनच्या एका आईने ऑनलाइन अर्ज केला, त्यावर दोन लाखांहून जास्त सह्या झाल्या, आणि त्याच मार्चमध्ये तिथल्या कृषी खात्याने शाळांना हे मांस नको असेल तर नाकारायची मुभा दिली. खिम्यात ते 15 टक्क्यांपर्यंत असायचं आणि पाकिटावर त्याचा उल्लेखही नसायचा. त्या बाईंचा मुद्दा हाच होता, की आम्हाला कुणी विचारलं नाही.

नगेटचा यातल्या अमोनियाशी संबंध नाही. कोंबडीचा लगदा करायची पद्धत निराळी: हाडांना चिकटलेलं मांस दाबाने चाळणीतून काढतात. तसं काढलेलं मांस वापरलं तर अमेरिकेत ते घटकांच्या यादीत स्पष्ट लिहावं लागतं. त्यामुळे चिकूच्या नगेटमध्ये ते आहे की नाही, हे यादी वाचून कळेल. व्हिडिओवरून नाही.

भाऊ (मांजलपूर): बरं आत्या. काढून टाकतो.

ताई (न्यू जर्सी): मग काळजी नेमकी कशाची करायची?

आत्या: बाळ, सविस्तर लिहिते. एम. एस. युनिव्हर्सिटीत इतकी वर्षं मुलींना अन्नशास्त्र शिकवलं, त्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं हेच.

मांसाचा अख्खा तुकडा असेल तर जंतू बहुतेक करून वरच्या पृष्ठभागावर असतात. तव्यावर पडला की ते मरतात. तेच मांस दळलं की वरचे जंतू आत जातात, आणि अनेक जनावरांचं मांस एका घाण्यात मिसळतं. एका जनावरात दोष असेल तर तो हजारो ताटांत पोचतो. अमेरिकेत 1993 मध्ये एका बर्गरच्या साखळीत अर्धवट शिजलेल्या खिम्यातून ई. कोलाय या जंतूचा घातक प्रकार पसरला, सातशेहून जास्त लोक आजारी पडले आणि चार मुलं गेली. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने हा जंतू असलेला कच्चा खिमा कायद्याने भेसळयुक्त ठरवला.

आता अण्णांचा मुद्दा. अण्णा, तपासणी असते हे खरं आहे, आणि तिकडची तपासणी आपल्यापेक्षा कडक आहे हेही मी मान्य करते. पण 2008 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कत्तलखान्यात उभंही राहता न येणारी आजारी जनावरं फोर्कलिफ्टने ढकलून आत नेताना कुणीतरी लपून चित्रण केलं. त्या कारखान्यातून साडेसहा कोटी किलो मांस परत मागवावं लागलं. त्यातलं दीड कोटी किलोच्या वर शाळांच्या जेवणाला आणि इतर सरकारी अन्नयोजनांना गेलेलं होतं. मागवलं तेव्हा बहुतेक खाऊन संपलं होतं. सुदैवाने त्यातून आजार नोंदले गेले नाहीत. पण ही गोष्ट सरकारी निरीक्षक हजर असताना घडली.

अण्णाकाका: हे मला माहीत नव्हतं. भयंकर आहे.

आत्या: याहून जास्त मला ब्रिटनमधल्या वेल्सची गोष्ट लागते. दरवर्षी वर्गात सांगायचे आणि दरवर्षी सांगताना त्रास व्हायचा.

2005 च्या सप्टेंबरात साउथ वेल्समध्ये 44 शाळांत ई. कोलाय पसरला. दीडशेहून जास्त जण आजारी, बहुतेक शाळकरी मुलं. 31 जणांना इस्पितळात ठेवावं लागलं. पाच वर्षांचा एक मुलगा वाचला नाही. हा जंतू मुलांच्या मूत्रपिंडावर जातो, म्हणून लहानांत तो इतका घातक. शोध घेतला तेव्हा धागा एका खाटकापर्यंत गेला. तो शाळांना शिजवलेल्या मांसाचे काप पुरवायचा. त्याच्याकडे कच्चं मांस आणि शिजवलेलं मांस एकाच व्हॅक्यूम पॅकिंग मशीनवर पॅक होत होतं. म्हणजे शिजवताना जंतू मेले आणि पॅक करताना परत लागले. हॅमचे काप शाळेत कुणी गरम करत नाही, तसेच ब्रेडमध्ये घालतात. मध्ये दुसरी कुठली चाळणी उरलीच नाही.

प्रोफेसर ह्यू पेनिंग्टन यांनी केलेल्या चौकशीचा अहवाल 2009 मध्ये आला. निरीक्षक त्या दुकानात जाऊन आलेले होते. मशीन डोळ्यांसमोर होतं. तरी तो धोका कुणी धसास लावला नाही. मांस अगदी ताजं होतं का, जनावर चांगलं होतं का, हे प्रश्न तिथे कामाचेच नव्हते. प्रश्न एका मशीनचा होता. म्हणून मी म्हणते, मांस चांगलं की वाईट एवढं विचारून भागत नाही. ते कुणी कापलं, कुणी शिजवलं, कुठे पॅक झालं आणि मुलाच्या ताटात येण्याआधी पुन्हा गरम झालं का, हे विचारायला हवं.

त्या मुलाची आई वर्षानुवर्षं लढली. वेल्समध्ये 2013 पासून खाद्यपदार्थांच्या प्रत्येक दुकानाला स्वच्छतेचा दर्जा दारावर लावणं सक्तीचं आहे.

ताई (न्यू जर्सी): आत्या, वाचून पोटात गोळा आला. चिकू पाचाचाच होईल आता. गुरुवारी टर्की हॅम थंडच देतात.

आजी (टाइप करून घेतलेलं): आमच्या वेळी आबा रविवारी सकाळी खाटकाकडे स्वतः उभे राहून मटण तोडून आणायचे. खाटीक त्यांना नावाने ओळखायचा. वाईट दिलं तर पुढच्या रविवारी तोंड दाखवायचं होतं ना त्याला.

आत्या: आई, अगदी हेच. ताई, आता तुझ्या तक्त्याकडे येते. पाचही पदार्थ सारखे नाहीत. सोमवार-शुक्रवारचं चिकन दळून आकार दिलेलं, पण साधारणपणे नायट्राइट घातलेलं नसतं. हॉट डॉग, पेपरोनी आणि हॅम हे मुरवलेलं मांस. त्यात सोडियम नायट्राइट असतं. ते घातक जंतू रोखतं आणि मांसाला तो गुलाबी रंग देतं, म्हणून ते उगाच घातलेलं नसतं. पण त्यातून पोटात असे पदार्थ बनू शकतात ज्यांचा कॅन्सरशी संबंध आहे. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने असं मांस पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर होतो याचा पुरावा पक्का असलेल्या गोष्टींत टाकलं. रोज 50 ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची जोखीम सुमारे 18 टक्क्यांनी वाढते, असा त्यांचा हिशोब.

भाऊ, आता लगेच ‘हॉट डॉग म्हणजे सिगारेट’ असं लिहू नकोस. दोन्ही पहिल्या गटात आहेत, कारण दोन्हींबद्दलचा पुरावा पक्का आहे. धोका सारखाच मोठा आहे असा त्याचा अर्थ नाही. पण 50 ग्रॅम म्हणजे साधारण एक हॉट डॉग. आठवड्यातले तीन दिवस, शाळेची बारा वर्षं, ही सवय मला मुलांना लावायची नाही. मीठही भरपूर असतं आणि जीभ त्या मिठाला बसली की घरचं वरण अळणी लागतं.

ताई (न्यू जर्सी): इथे दुकानात ‘नायट्रेट-नायट्राइट घातलेलं नाही’ असं लिहिलेलं हॅम मिळतं. महाग आहे. ते डब्यात दिलं तर?

आत्या: मागची बारीक अक्षरं वाच. ‘सेलरी पावडरमध्ये नैसर्गिकरीत्या असलेलं सोडून’ असं लिहिलेलं असेल. सेलरी या भाजीतून येणारं नायट्राइटही नायट्राइटच. त्यासाठी जास्त पैसे देऊ नकोस.

वहिनी (मांजलपूर): आत्या, मी वाचतेय सगळं. पण मीही पिंटूला आठवड्यातून दोनदा फ्रोजन नगेट देते. व्हॅन साडेसहाला येते. तो दुसरं काही खात नाही, डबा तसाच परत आणतो. मी काय करू?

आत्या: अगं, तुला दोष देतच नाहीये. सकाळी साडेसहाला मुलाचं पोट भरून पाठवणं सोपं नाही, हे मला माहीत आहे. पाकीट हातात घे आणि मागची बाजू इथे टाक.

वहिनी (मांजलपूर): [फोटो]

आत्या: चांगलं आहे. 14 आकडी परवाना क्रमांक आहे, मांसाहाराची खूण असलेला तपकिरी त्रिकोण आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. तुझ्या पाकिटावर चिकन पहिलं आहे, मग मैदा, मग तेल. काही पाकिटांत पाणी आणि पीठ आधी येतं, ती घेऊ नकोस. नायट्राइट यादीत आयएनएस 250 या क्रमांकाने लिहितात, ते यात नाही.

आता पाकीट हलवून बघ. नगेट सुटे वाजतात की एकमेकांना चिकटून ढेकूळ झालंय?

वहिनी (मांजलपूर): चार-पाच चिकटलेत. आत बर्फही आहे.

आत्या: मग ते मध्येच एकदा वितळून परत गोठलेलं आहे. उणे 18 अंशांवर राहायला हवं. दुकानदाराने रात्री फ्रीजर बंद ठेवला असेल, नाहीतर टेम्पोतून येताना तापलं असेल. बडोद्याच्या उन्हात तेवढा वेळ पुरतो. हे टाकून दे आणि यापुढे दुकानातच पाकीट हलवून घे. ज्याच्या फ्रीजरमध्ये ढेकळं दिसतात त्याच्याकडून काहीच गोठवलेलं घेऊ नकोस, मटारसुद्धा.

आणखी एक, आणि हे ऐकायला कुणाला आवडणार नाही. घरी केलेलं कोंबडीचं सुकं सकाळी साडेसहाला डब्यात भरून अकराला खाल्लं तर मे महिन्यात तेही सुरक्षित नाही. 5 ते 60 अंशांच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात आणि त्यांना मांस घरचं की कारखान्यातलं याने फरक पडत नाही. उन्हाळ्यात डब्यात मांस नकोच. मुगाचं धिरडं, मटकी परतून पोळीत गुंडाळून, ठेपला आणि चणे. मांस घरी, गरम, रविवारी.

वहिनी (मांजलपूर): धिरडं खाईल तो, चटणी वेगळी दिली तर. उद्या करून बघते.

भाऊ (मांजलपूर): आत्या, पिंटूच्या शाळेच्या कॅन्टीनमध्ये चिकन रोल मिळतो. शाळेला विचारता येतं का?

आत्या: विचारायलाच हवं. 2020 च्या नियमानुसार शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत चरबी, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ विकता येत नाहीत. कॅन्टीनवाल्याकडे परवाना हवा. मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या, दोन-चार पालकांच्या सह्यांनी. परवाना क्रमांक काय, रोलचं सारण कुठून येतं, फ्रीजर किती अंशांवर असतो, एवढं विचारा. दाद लागली नाही तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 1800112100 हा नंबर आहे.

ताई, तूही लिहून विचार. तुमच्याकडे जिल्ह्याचा शाळाजेवण-अधिकारी असतो. प्रत्येक पदार्थाची घटकांची यादी माग, त्या खोक्यांवर बहुधा सीएन (चाइल्ड न्यूट्रिशन) लेबल असतं त्याची प्रत माग. ‘पदार्थ चांगले आहेत का’ असं लिहिलंस तर ‘हो’ असं उत्तर येईल. हॅम कुठे कापलं जातं, नगेट ओव्हनमधून काढताना आतलं तापमान मोजतात का आणि त्याची नोंद दाखवाल का, असं विचार. चिकट नगेटची तारीख आणि वार न विसरता घाल. आठवड्यातून दोन दिवस डाळ, अंडं किंवा चीज असा पर्याय मिळेल का, हेही शेवटी लिही.

अण्णाकाका: आणि एकटीने लिहू नकोस. वर्गातल्या दुसऱ्या आया असतीलच.

ताई (न्यू जर्सी): आहेत काका. चिकूच्या वर्गात एका मेक्सिकन मुलाची आई आहे, तिनेही मागे नगेटचा विषय काढला होता. तिला आजच फोन करते. गुरुवारी डबा घरून देणार, हॅम नाही. आत्या, पत्राचा मसुदा रात्री इथे टाकते, तापमानाचा भाग तू एकदा बघ.

आत्या: टाक. नगेट आतून 74 अंश सेल्सिअसला पोचायला हवं. तुमच्याकडे ते फॅरनहाइटमध्ये 165 लिहितात, तसंच लिही म्हणजे त्यांना पळवाट राहणार नाही.