नसेतच औषध घातलंय तर रोज गोळ्या कशाला?

निपाणीवाला
आमच्या आप्पांना जानेवारीत हृदयाच्या नसेत स्टेंट, म्हणजे नस उघडी ठेवणारी बारीक जाळी बसवली, औषध लावलेली. बेळगावला न्यायचं की कोल्हापूरला यावर घरात दोन दिवस भांडण, शेवटी बेळगाव. काल जेवणं झाल्यावर आप्पांनी गोळ्यांची पाकिटं माझ्याकडं सरकवली, "नसेतच औषध घातलंय म्हणे, मग हे आणि कशाला?" मला उत्तर सुचलं नाही बघा. आणि मला तर त्यांचं पटतंय, गोळी गिळली की औषध सगळ्या अंगभर फिरतंय, पाहिजे कुठं तर बोटभर नसेत. आता नॅनो कण येणार म्हणतात, चरबी साठलेल्या जागीच जाऊन औषध सोडणारे. सगळा पैसा तिकडंच लावला पाहिजे.

कॅथलॅबमधला
आधी आप्पांच्या गोळ्या चालू ठेवा, मग भांडू.
स्टेंटवर सिरोलिमसच्या जातीचं औषध असतंय, ते नसेच्या पेशी वाढून जाळी परत बुजू देत नाही. पण तीच वाढ थांबली म्हणून जाळीवर आतलं अस्तर चढायलाही उशीर लागतो, आणि उघड्या धातूवर रक्त गोठतंय. साध्या स्टेंटला रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या महिनाभर पुरायच्या, औषधवाल्याला साधारण सहा महिने ते वर्ष. म्हणजे औषध जागेवर घातलं म्हणूनच गोळ्या जास्त दिवस! डॉक्टरला न विचारता बंद करून परत टेबलावर आलेले बघितलेत मी.

शहापूरकर
नॅनो नॅनो ऐकून कान किटले. कण सोडले की निम्मेअर्धे लिव्हर आणि प्लीहाच गिळून टाकतात. कॅन्सरचं लायपोसोमवालं, म्हणजे चरबीच्या बारीक पुडीत भरलेलं औषध १९९५ला बाजारात आलं, हृदयासाठी काय आलं सांगा? स्टेंट आणि औषध लावलेला फुगा, दोन्ही तारेवरून हातानं नेऊन ठेवायचे. ह्याला काय नेम म्हणायचा? त्यापेक्षा खानापूरच्या जंगलपट्टीतल्या खेड्यांत बीपीची गोळी दर महिन्याला मिळू दे की.

निपाणीवाला
लिव्हर गिळतंय म्हणता ना, मग लिव्हरवरच नेम धरला तर? इन्क्लिसिरान बघा, कोलेस्टेरॉल उतरवायचं इंजेक्शन. त्याला एक साखरेचा तुकडा जोडलाय, तो लिव्हरच्याच पेशी ओळखून आत ओढतात, आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जवळजवळ निम्मं होतंय. सुरुवातीचे दोन डोस झाले की वर्षाला दोनच इंजेक्शनं. युरोपात २०२०, अमेरिकेत २०२१ ला मंजूर. हृदयाला हात पण लावला नाही!

शहापूरकर
मंजुरी एलडीएल उतरलं एवढ्यावर मिळाली, अटॅक किती टळले त्यावर नव्हे. आणि किंमत विचारलीत काय? कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळीची, स्टॅटिनची पट्टी त्यापुढं चहाच्या भावात.

कॅथलॅबमधला
किमतीचं म्हणाल तर औषधवाले स्टेंट पण लाखाच्या वर विकायचे. फेब्रुवारी २०१७ ला सरकारनं किंमत बांधली, २९,६०० वर आला. स्टेंट तोच, फक्त वरची मलई गेली. नवीन औषधाचं पण तसं होईलच असं नाही, पण महाग म्हणून संशोधनच नको हे मला पटत नाही. खेड्यातल्या गोळीचं मात्र शहापूरकरांचं शंभर टक्के खरं.

शहापूरकर
चला, शंभर टक्के तरी मिळाले.

निपाणीवाला
आप्पांना अस्तराचं समजावलं, म्हणाले "म्हणजे सारवण वाळलं नाही अजून, असं सांग की!" गोळ्या घेतल्या. वर कुंदा मागितला, शुगर आहे म्हणून दिला नाही, तेव्हापासून बोलत नाहीत.