बंद पडलेल्या धावपट्टीच्या आठवणी: नेवाळी आणि इतर

लुनावाली:
काल नेवाळी नाक्यावर पाऊण तास अडकले. पलीकडचं मोकळं रान दिसलं आणि एकदम बाबांची लुना आठवली. १९८८ चा मे, पहाटे साडेपाच. कल्याणहून डबलसीट यायचो. पट्टीच्या भेगांतून गवत, मधेच शेळ्या. "समोर बघ, चाकाकडे नको" असं ओरडत बाबा मागून पळायचे. मी ब्रेकऐवजी मूठ पिळली आणि थेट बाभळीत! कोपराला खूण आहे अजून. महायुद्धात इंग्रजांनी केलेला विमानतळ तो, हे कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर माझ्या लेखी ते लुनाचं ग्राउंड. तुम्हीही लिहा ना.

भालचा पोर:
ताई, तुमची लुना आन त्या पट्टीखाली गेलेली आमची जमीन 😀 आजा बोलायचा, लढाई संपली का परत भेटंल. आजा गेला, बापूसपन गेला. भात झोडाया आमचा खला तोच व्हता. सारवाया नको, काय नको.

मंदामावशी:
माघी पौर्णिमेला मलंगगडाला चालत जायचो आम्ही. विमान एकदाही दिसलं नाही, पण रस्त्याकडेचे गावठी वाल काय गोड! कुकर झाला, येते.

लुनावाली:
@भालचा पोर, दादा, खळ्याचं माहीतच नव्हतं. २०१७ ला नौदलाच्या भिंतीवरून शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलं तेव्हा तिथेच होतात का?

भालचा पोर:
नाय, ड्यूटीवर. आयशीचा फोन, घरा येव नको, रस्त्यान टायर जलतान. जून महिना, पेरनीचे दिस. रात्री मित्राकडं झोपलो. थांबा, गिऱ्हाईक आलाय.

कॅम्प नं. ४:
आमचं उल्हासनगर म्हणजे त्याच लढाईतली छावणी. नाव १९४९ चं, पण रिक्षावाल्याला अजून कॅम्प नंबरच सांगायचा. जन्म बराकीतला माझा. भिंतीत खिळा ठोकायचा तर दोन वाकायचे, तिसरा आत.

बर्लिनची सुमेधा:
इथे टेम्पलहोफ, आमचा बंद पडलेला विमानतळ. १९४८-४९ ला रशियाने बर्लिनची नाकेबंदी केली तेव्हा अमेरिकन वैमानिक रुमालाच्या पॅराशूटला चॉकलेटं बांधून पोरांसाठी खाली टाकायचे. विमानं २००८ ला थांबली, २०१० पासून मैदान सगळ्यांना खुलं. लेकाला सायकल तिथल्याच रनवेवर शिकवली. वारा असा की पोरगं पुढे जाण्याऐवजी आडवं जातं. मागून ओरडत पळणारे बाबा इथेही आहेत हं!

कॅम्प नं. ४:
बाभळी नाहीत ना पण 😂

मंदामावशी:
आले. अरे, ते वाल आता कुठे मिळतात?

भालचा पोर:
मावशी, नाक्यावर माझी आईसच बसते सकाळची. लुनावाली ताईंनी धाडलंय बोला, मूठभर जास्त घालील.