दगडी भिंती, गवती छप्पर: शाकारू की पत्रा घालू?

आम्ही ग्वाल्हेरचे, तिथल्या लष्कर भागात चार पिढ्या. मुरारच्या पुढे शेतावर आजोबांचं घर आहे. भिंती दोन हात रुंद, इथल्याच वाळूदगडाच्या, मातीत रचलेल्या. पुढच्या पडवीवर दगडी पटिया, म्हणजे लांब फरशा, मागचा सोपा मात्र अजून गवताने शाकारलेला. मे महिन्यात आई दुपारी तिथेच आडवी होते, कूलरकडे ढुंकूनही बघत नाही. पण यंदा पावसात मागची भिंत खालून ओली झाली. ठेकेदार म्हणतो, पत्रा घाला आणि भिंतीला सिमेंट थापा. काय करू?

– सिमेंट नको हो! मातीत रचलेली भिंत ओल पिते आणि उन्हात सोडते. वर सिमेंट आलं की ओल आत कोंडते, मग वाळूदगडाचे पापुद्रे सुटतात. सांधे चुन्यानेच भरा. आणि छपराचा उतार किती आहे? गवताला निदान ४५ अंश हवा, नाहीतर पाणी निथळण्याऐवजी आत मुरतं.

– वळचण बघितलीत का? गवती छपराला पन्हळ नसते, पागोळ्या थेट खाली. वळचण दीड-दोन हात बाहेर हवी, नाहीतर जमिनीवरून उडालेले शिंतोडे भिंतीचा पाया भिजवतात.

– काल काकांना घेऊन मोजून आलो. उतार ठीक आहे, वळचण मात्र जेमतेम वीतभर! गेल्या वर्षी गड्याने ‘नीट दिसावं’ म्हणून विळ्याने कापली होती. आता वासे पुढे जोडून कडेला नवं गवत बांधतोय. ठेकेदाराला नाही कळवलं.