तुरीचे शेंडे खुडायचं यंत्र बनवलं. पेटंट, नाव, कॉपीराइट यातलं आधी काय करावं? (सल्ला हवा)

दारव्हा_मेकॅनिकल
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका पॉलिटेक्निकला शेवटच्या वर्षाला आहोत, चौघांचा गट. प्रोजेक्ट म्हणून तुरीचे शेंडे खुडायचं बॅटरीवरचं यंत्र केलंय. पाठीवर १२ व्होल्टची बॅटरी, पाइपच्या टोकाला मोटर आणि पातं, पात्याखाली खाली-वर सरकणारी पट्टी. पट्टीमुळे ठरवल्यापेक्षा जास्त शेंडा कापलाच जात नाही, खुडलेले शेंडे मागच्या जाळीत पडतात. पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे.

१) पेटंटचा अर्ज आधी की प्रदर्शन आधी?
२) यंत्र शेतात चालतानाचा व्हिडिओ गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलाय. संपलं का सगळं?
३) गाइड सरांचं नाव टाकावंच लागतं का? मालक कोण?
४) गावातल्या बचत गटाला हळदीच्या पाकिटासाठी नाव आणि लोगो हवाय. त्याचंही पेटंटच काढायचं का?
५) हा विषय परीक्षेलाही आहे. फुकटात कुठे शिकता येईल?

कलम_तीन
अर्ज आधी, प्रदर्शन मग. अर्जाआधीच यंत्र लोकांसमोर उघड झालं तर ते कायद्याच्या नजरेत नवं राहत नाही, आणि नवं नसेल त्याला पेटंट नाही.

कायद्यात प्रदर्शनासाठी १२ महिन्यांची सवलत आहे (पेटंट कायदा १९७०, कलम ३१), पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती. कॉलेजचं प्रदर्शन त्यात बसतं असं गृहीत धरू नका. पोरं नेमकी इथेच फसतात: बक्षीस मिळतं, पेपरात फोटोसह बातमी येते आणि मग अर्जाचा विचार सुरू होतो.

व्हिडिओचं म्हणाल तर तो आता डिलीट करून उपयोग नाही, एकदा उघड झालं ते झालं. त्यात नक्की काय दिसतं ते बघा. यंत्र लांबून चालताना दिसत असेल आणि पट्टी कशी बसवली, कशी सरकते हे कळत नसेल, तर बाजू बऱ्यापैकी शाबूत आहे. पट्टीचा क्लोजअप असेल तर अवघड. शेतातल्या चाचणीसाठी मात्र कलम ३२ आहे. यंत्र उघड्यावर चालवल्याशिवाय तपासताच येत नसेल, तर अर्जाच्या आधीच्या एका वर्षातली वाजवी चाचणी आड येत नाही. भाड्याने चालवून पैसे घेतले तर ती चाचणी राहत नाही. व्हिडिओची तारीख आणि मूळ फाइल जपून ठेवा, आणि अर्ज होईपर्यंत नवीन काही टाकू नका.

वर्धेचा_वेल्डर
त्याच्याही आधीचा प्रश्न विचारतो राजेहो, तुमच्या यंत्रात नवं काय आहे? बॅटरीच्या ट्रिमरला पातं लावून शेंडे खुडणारी यंत्रं बाजारात केव्हाची मिळतात. दावा म्हणजे अर्जातलं ते वाक्य, ज्यात नक्की कशावर हक्क मागता ते लिहितात. "बॅटरीवर चालणारं शेंडे खुडणी यंत्र" असा दावा लिहाल तर पहिल्याच तपासणीत उडेल. तुमचं असलं तर ती पट्टी आणि जाळी आहे.

म्हणून दावा अरुंद लिहा. साधारण असा: "पाइपच्या टोकाला फिरतं पातं, त्या पात्याखाली पाइपवर सरकणारी आणि खिळीने हव्या उंचीवर पक्की होणारी मर्यादा-पट्टी, पात्यामागे पट्टीलाच जोडलेली जाळी, जी पट्टीबरोबर सरकते." जाळी पट्टीबरोबर सरकत नसेल तर ते लिहू नका, जे आहे तेच लिहा. मोटर किती वॅटची, पातं कोणत्या पत्र्याचं हे वर्णनात येऊ द्या, मुख्य दाव्यात नको. नाहीतर समोरचा मोटर बदलून तुमच्या शेजारीच दुकान टाकेल.

आधीची पेटंटं शोधायला पेटंट कार्यालयाचं इनपास हे संकेतस्थळ आणि गूगल पेटंट्स, दोन्ही फुकट. तिथे "तूर" टाकून काही मिळायचं नाही. "पिजन पी", "रेड ग्रॅम", त्यासोबत "निपिंग", "टॉपिंग", "प्रूनिंग" असे इंग्रजी शब्द टाका. वर्गवारीत ए०१जी ३ हा गट चाळा, बागकामाची कापायची अवजारं त्यात येतात. चहाची पानं खुडायची यंत्रंही बघा. कापणं, उंचीची मर्यादा, गोळा करणं, सगळं तिथे भेटेल, आणि तपासणी अधिकारी तेच तुमच्यासमोर ठेवेल.

कलम_तीन
सहमत. एक जोड: किती दिवसांनी खुडायचं, किती इंच खुडायचं, ही शेतीची पद्धत झाली. कलम ३(एच) प्रमाणे तिला पेटंट नाही. यंत्राला मिळू शकतं.

आता पैसे आणि मुदती. चौघं स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज करणार असाल तर सरकारी फी १,६०० रुपये (३० पानं आणि १० दाव्यांपर्यंत). आधी तात्पुरतं विवरण टाका, म्हणजे तारीख पकडण्यापुरतं यंत्राचं पहिलं लेखी वर्णन. त्यात दावे लागत नाहीत. वर्णन आणि आकृत्या मात्र भरपूर द्या, प्रत्येक भागाला क्रमांक देऊन. अर्ध्या पानाचं विवरण टाकणाऱ्यांची पुढे पंचाईत होते, कारण जी गोष्ट तात्पुरत्या विवरणात नाही तिला आधीची तारीख मिळत नाही. तात्पुरतं विवरण टाकल्यापासून १२ महिन्यांत दाव्यांसह पूर्ण विवरण. त्याला वेगळी मूळ फी नाही. ते चुकलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात. मग फॉर्म १८, तपासणीची विनंती, ४,००० रुपये, पहिल्या तारखेपासून ३१ महिन्यांत. जुन्या नोट्समध्ये ४८ महिने लिहिलेलं सापडेल. २०२४ मध्ये नियम बदलले. पहिला तपासणी अहवाल आला की उत्तराला ६ महिने. मंजूर झालं तर मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, तिसऱ्या वर्षापासून दरवर्षाची नूतनीकरण फी भरत राहिलात तर.

महाराष्ट्राचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात. नागपूरला राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, पण ती प्रशिक्षणाची. अर्ज घेऊन तिकडे जाऊ नका. ऑनलाइनला डिजिटल सही लागते, ती आधी काढून ठेवा.

अकोल्याची_वकीलताई
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. संशोधक म्हणून नाव त्याचंच, ज्याच्या डोक्यातून दाव्यातली एखादी गोष्ट निघाली. सरांनी "पट्टी सरकती करा, खिळीने अडकवा" असं सुचवलं असेल तर त्यांचं नाव हवंच. नुसती सही, वर्कशॉपची चावी किंवा मार्क दिले म्हणून नको. उलट गटातल्या एखाद्याने फक्त वेल्डिंग केलं असेल, तर तोही संशोधक ठरत नाही. हे चौघांनी आजच बसून लिहून ठेवा, बक्षीस मिळाल्यावर आठवणी बदलतात.

मालकी हा वेगळा मुद्दा. विद्यार्थी हा कॉलेजचा नोकर नाही. तुम्ही लिहून दिल्याशिवाय हक्क आपोआप कॉलेजकडे जात नाही. पण प्रवेशाच्या वेळी कशावर सह्या केल्यात आणि कॉलेजचं बौद्धिक संपदा धोरण काय म्हणतं, ते मागून वाचा. कॉलेजने खर्च करावा आणि मालकी वाटून घ्यावी हा सौदा वाईट नाही, फक्त तो कागदावर असू द्या. हक्क दिला तरी संशोधक म्हणून तुमची नावं राहतात.

आणि सावध राहा: "पेटंट पब्लिश झालं" म्हणजे मंजूर झालं नव्हे. साधारण १८ महिन्यांनी प्रत्येक अर्ज प्रकाशित होतोच. ब्रिटनची डिझाइन नोंदणी "आंतरराष्ट्रीय पेटंट" म्हणून विकणारेही फिरतात. डिझाइन म्हणजे फक्त बाह्य आकार. यंत्राच्या कामाला त्यात संरक्षण नाही.

भिवापुरी_ठेचा
हळदीवर मी सांगतो. पाकिटावरच्या नावाला पेटंट नसतं, ट्रेडमार्क लागतो. ट्रेडमार्कसाठी मालाचे वर्ग पाडलेत, त्यात हळद पावडर वर्ग ३० मध्ये येते. फॉर्म टीएम-ए, व्यक्तीच्या किंवा लघुउद्योगाच्या नावाने ऑनलाइन फी ४,५०० रुपये प्रति वर्ग. मुदत १० वर्षं, पुढे वाढवता येते. गटाची स्वतंत्र नोंदणी नसेल तर अर्ज सदस्यांच्या नावाने करा. अध्यक्ष बदलली की नाव घेऊन गेली, असं होऊ नये म्हणून एकटीच्या नावाने नको.

"शुद्ध हळद", "गावरान हळद" असली नावं अडकतात, मालाचं वर्णन कुणा एकाला देत नाहीत. आणि "वायगाव" शब्द जपून! वायगाव हळदीला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या त्या पट्ट्यात पिकत नसेल तर तो शब्द पाकिटावर टाकणं म्हणजे उल्लंघन. पिकत असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करा. पण तेव्हाही तो शब्द तुमचा खाजगी ट्रेडमार्क होत नाही. नागपुरी संत्रं, भिवापुरी मिरची, सगळ्यांना हाच नियम. ट्रेडमार्कची नोंदणी होईपर्यंत नावापुढे टीएम लिहा, गोलातला आर (म्हणजे नोंदणी झालेलं) नाही, त्यावर दंड आहे. लोगो काढणाऱ्या पोराकडून हक्क लिहून घ्या.

नागभीड_धान
मधेच विचारतो. निवडून निवडून तयार केलेल्या धानाच्या वाणाचं काय? पेटंट?

कलम_तीन
बियाणं आणि वाण कलम ३(जे) मध्ये बाद. त्याला वेगळा कायदा आहे, पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१. शेतकऱ्याला वाणनोंदणीची फी माफ आहे. तुमच्याच तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंचं एचएमटी धान आठवा, निवडीतून असा वाण उभा राहतो. वाण वेगळा, एकसारखा आणि पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहणारा हवा. दरवर्षी कोणत्या ओंब्या ठेवल्या याची वही ठेवा. धानाला संरक्षण १५ वर्षं. त्याच कायद्याच्या कलम ३९ नुसार शेतकरी बियाणं राखू, पेरू, वाटू, विकू शकतो. फक्त ब्रँडच्या पाकिटात भरून विकता येत नाही.

अकोल्याची_वकीलताई
अभ्यासासाठी: जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा डीएल-१०१ हा ऑनलाइन कोर्स फुकट आहे. एनपीटीईएल आणि 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलांवर तपशिलात मिळेल. परीक्षेत कॉपीराइटवर हमखास चुकतात. तो आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. तुमच्या रिपोर्टला कॉपीराइट आहे, रिपोर्टमधल्या कल्पनेला नाही.

दारव्हा_मेकॅनिकल
व्हिडिओ पाहिला. पट्टी दिसते, खिळी दिसत नाही, जाळी तेव्हा लावलेलीच नव्हती. काय करू?

वर्धेचा_वेल्डर
मग दाव्याचा जोर खिळीवर आणि जाळीच्या जोडणीवर ठेवा. आकृती तीन बाजूंनी काढा: पुढून, बाजूने, आणि खिळीचा छेद मोठा करून. प्रदर्शनाच्या आधी अर्ज क्रमांकाची पावती हातात असू द्या.