अनुभव धागा: पलटण पीसला आली की... आणि मिशनवर गेली की!

पलटणची_लेक
माळा आवरायला काढलाय. आप्पांची काळी ट्रंक खाली घेतली. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव, पलटण. बढती झाली की आप्पा काळा हात मारून वर नव्यानं लिहायचे. आता पोपडे निघालेत आणि 'सुभेदार'च्या आडून 'नाईक' डोकावतोय.

फील्डचे, म्हणजे सीमेवरच्या पोस्टिंगचे, किस्से सगळेच सांगतात. मला पीसचे, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत ठिकाणच्या पोस्टिंगचे हवेत, आणि यूएन (संयुक्त राष्ट्रं) शांती मिशनवर गेलेल्यांच्या घरचेही. शाळेत असताना मला वाटायचं, पीस म्हणजे वडील घरी. कसलं काय! पहाटे पीटी, दिवसभर ट्रेनिंग, संध्याकाळी गेम्स, मग रोल कॉल. मधेच फायरिंग रेंज, मधेच एक्सरसाइज म्हणून वाळवंटात गायब. आई म्हणायची, "फील्डला असले की निदान पत्र तरी येतं."

सातारी_ठेचा
😂 काकू बरोबर बोलल्या.
झाशीला आमचं क्वार्टर तयारच नव्हतं. एकाच क्वार्टरमध्ये दोन कुटुंबं, मधे चादर टांगलेली. पलीकडे बिहारी काकू. पलटण मराठ्यांची असली तरी सिग्नल, ईएमई (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारे), डॉक्टर कुठलेही असतात ना. आईचं हिंदी तिथंच तयार झालं आणि काकू पिठलं शिकल्या. अजून फोन चालू आहेत दोघींचे.

रिटायर्ड_हवालदार
राम राम मंडळी. पीसमध्ये जवानाला दम खायला वेळ नसतो. इन्स्पेक्शन आलं की चुना, गेरू, दगडसुद्धा रंगवा. पण ४ फेब्रुवारी, मराठा दिन! १६७० ला कोंढाणा घेतला तो दिवस. आणि गणपती. झांजपथक सुरू झालं की सीओ साहेब (पलटणीचे प्रमुख) पंजाबी असले तरी नाचणार म्हणजे नाचणार. रात्री बडा खाना, साहेब लोक आणि जवान एका ठिकाणी जेवतात. टायपिंगला वेळ लागतो, बाकी नंतर.

अनामिका_क
केव्हीत (केंद्रीय विद्यालयात) दर वेळी वर्षाच्या मधेच नाव घालायचं. अभ्यासक्रम तोच असल्यानं तरलो. मराठी मात्र गेली ती गेलीच, इथे लिहिताना अजून ऱ्हस्वदीर्घ चुकतं, हसू नका.

किवूकाठचा
मी यूएन मिशनवर काँगोत होतो, गोमाला. न्यीरागोंगो ज्वालामुखीच्या पायथ्याशी गाव, जमीन काळीकुट्ट, घरांच्या कुंपणालासुद्धा लाव्ह्याचेच दगड. तिथली पोरं 'चुकुडू' चालवतात, अख्खी लाकडाची दुचाकी. पेडल नाही. एक गुडघा फळीवर टेकवायचा, दुसऱ्या पायानं ढकलत राहायचं आणि उतार लागला की सोडून द्यायची. वर बटाट्याची पोती! आमची पांढरी गाडी बाजूला घ्यावी लागायची.
तिथं रात्रीचे नऊ म्हणजे इकडे साडेबारा. बायको अर्धवट झोपेत "हं, हं" करायची. मी काय सांगितलं ते सकाळी मेसेज करून विचारायची.

चहावाला_भाऊ
मिशनला डॉलर मिळतात म्हणे? 🤑

किवूकाठचा
@चहावाला, यूएन पैसे देते ते सरकारला. २०१८ मध्ये एका सैनिकामागे महिन्याला १,४२८ डॉलर ठरले होते. जवानाला काय द्यायचं ते आपलं सरकार ठरवतं. तरी भत्त्यात घराचा स्लॅब टाकून होतो, खोटं का बोला.

नुसता_वाचक
श्रीलंका धरायची का यात? मामा होते, १९८७ ची तुकडी.

रिटायर्ड_हवालदार
आयपीकेएफ, म्हणजे इंडियन पीस कीपिंग फोर्स, नावात पीस होतं तेवढंच. ती लढाई होती, आणि यूएनचीही नव्हती. मामांना माझा सॅल्यूट सांगा. यूएनलाही लोक सहल समजतात. कॅप्टन सलारिया ५ डिसेंबर १९६१ ला काँगोतच शहीद झाले, परमवीर चक्र आहे.

नुसता_वाचक
मामा २०११ मध्ये गेले. पण वाचून बरं वाटलं.

पलटणची_लेक
@नुसता_वाचक 🙏
आप्पा लेबननला होते. आपली बटालियन १९९८ मध्ये गेली तिथं. बंदुकीबद्दल एक अक्षर सांगितलं नाही त्यांनी. हर्मोन डोंगरावरचा बर्फ, ऑलिव्हची झाडं, आणि बटालियनचा जनावरांचा डॉक्टर! गावोगाव फिरून तिथल्या लोकांच्या शेळ्या-मेंढ्या, गाई तपासायचा. म्हातारे लोक बटालियनच्या कमांडरपेक्षा त्यालाच जास्त ओळखायचे म्हणे.

सातारी_ठेचा
थांबा थांबा, जनावरांचा डॉक्टर स्वतःहून दारात येतो?

पलटणची_लेक
हो, औषधांसकट. फुकट.

सातारी_ठेचा
आमची म्हैस चार दिवस झाले खात नाही, इथला डॉक्टर फोन उचलत नाही. लेबननला घेऊन जाऊ का?

अनामिका_क
आधी गूळ-ओवा देऊन बघा हो. पोट फुगलंय का?

सातारी_ठेचा
थोडं डावीकडून. फोटो टाकतो.