'कोविडने एक बरं केलं' म्हणणाऱ्यांना

निशिगंध: काल इथे एकाने लिहिलं, 'कोविडने एक बरं केलं, दहाव्या-तेराव्याचं ओझं उतरवलं. वीस माणसांत, तासाभरात सगळं उरकतं हे कळलं.' रात्रभर डोळा लागला नाही. एप्रिल २०२१ मध्ये बाबा गेले. सकाळी फोन, दुपारी शववाहिका थेट स्मशानात. दादा पीपीई किट घालून आत, आम्ही मायलेकी फाटकाबाहेर रिक्षात. पिशवीवर मार्करने लिहिलेलं आडनाव चुकलेलं. आई अजून विचारते, 'तेच होते ना गं?' ह्याला उरकणं म्हणता?

कऱ्हाकाठ: पोस्ट माझीच. आजीच्या तेराव्याला वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं, चार वर्षं फेडत होते. जेवून गेलेले निम्मे लोक तिच्या आजारपणात फिरकले नव्हते.

निशिगंध: मग जेवणावळीवर लिहा! दहा दिवस माणसं येतात, पिठलं-भात आणतात, तेच तेच विचारतात, तेव्हा कुठे रडू फुटतं. आमच्याकडे डबा जिन्यात ठेवून लोक पळायचे. आई रडली ती सात महिन्यांनी, भाजीवालीने 'साहेब दिसले नाहीत?' विचारलं तेव्हा.

डोंबिवलीकर: नियम होते म्हणून बाकीचे जगले.

तपोवन: कसले नियम? आरोग्य मंत्रालयाच्या १५ मार्च २०२०च्या सूचना वाचा. कर्मचाऱ्याने चेन उघडून नातेवाइकांना चेहरा दाखवायला परवानगी होती. हात न लावता मंत्र, पाणी शिंपडणंही चालत होतं. अस्थींपासून धोका नाही, हेही लिहिलेलं. तरी मामाच्या अस्थी गावात येऊ देईनात. दीड महिना मळ्यातल्या आंब्याला टांगून होत्या.

डोंबिवलीकर: कागदावर सगळं होतं. मी तेव्हा वॉर्डबॉय होतो. एका पाळीत अकरा पिशव्या बांधल्यात. घरी माझीही लेकरं होती.

तपोवन: दोन मिनिटं लागली असती.

डोंबिवलीकर: त्या पाळीत तुम्ही नव्हता.

तपोवन: नव्हतो. पण मामीला ती दोन मिनिटं कुणीच दिली नाहीत, हे तर खरं?

डोंबिवलीकर: खरं आहे.

कऱ्हाकाठ: 'एक बरं केलं' हे शब्द मागे घेतो. कर्जाचं बोललो ते नाही घेत.

निशिगंध: नका घेऊ. डोंबिवलीकर, एकच विचारते. पिशवीवरचं नाव चुकलं, तरी आत माणूस तोच असायचा ना?

डोंबिवलीकर: आमच्याकडे मनगटाला पट्टी असायची, ताई. पिशवीत ठेवण्याआधी दोघं मिळून ती कागदाशी ताडून बघायचो. मार्करचं नाव नंतर, घाईत पडायचं. आईंना एवढं सांगा.