‘माणसाले काय होते?’ : फौजेतल्या पुरुषाचा लैंगिक छळ आणि तक्रारीची वाट (अनुभव धागा)

धागा सुरू करताना

आपल्याकडे गावागणिक दोन-चार पोट्टे फौजेत आहेत. त्यातला एखादा सुटीवर येतो आणि रात्रभर अंगणातल्या खाटेवर बूट घालूनच बसून राहतो. आई म्हणते बाहेरचं लागलं, मित्र म्हणतात पोरीनं सोडलं. तिसरी शक्यता कोणाच्या तोंडी येत नाही. तेच कृत्य पोरीबरोबर झालं तर पारावर त्याला छळ म्हणतात, पोराबरोबर झालं तर मस्करी. हा दुहेरी न्याय कुठे कुठे घुसला आहे आणि त्यातून वाट कशी काढायची, हे ज्यांचं काम रोज या विषयाशी येतं त्यांनी लिहावं. आपबीती किंवा ओळखीतल्या कोणाची गोष्ट नको; तालुक्यात नाव फुटायला एक बाजारदिवस पुरतो.

निवृत्त सुभेदार, बुलढाणा जिल्हा

आधी शब्दाचं सांगतो, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. रगडा म्हणजे पाठीवर पिठ्ठू घेऊन मैदानाला फेऱ्या, फ्रंट रोल, कोपरावर रांगणं. अंग मोडतं, पण कपडे अंगावर असतात आणि सगळं उघड्यावर होतं. कपडे उतरवणं, गुप्तांगाला हात घालणं, दुसऱ्याला घालायला लावणं, रात्री बिछान्यात शिरणं, हा रगडा नाही. बॅरेकीत मात्र दोन्हीला एकच शब्द चालतो. जवान तक्रार घेऊन गेला की पहिलं उत्तर येतं, ‘अबे, रगडा तो सबको लगता है.’

आर्मी ॲक्ट १९५० मधली कलमं पीडित बाई की पुरुष हे बघत नाहीत. कलम ४६(अ) क्रूर, अश्लील किंवा अनैसर्गिक प्रकारच्या लाजिरवाण्या वर्तनाचं, सात वर्षांपर्यंत कैद. कलम ४७ हाताखालच्याला छळल्याचं, तेही सात वर्षांपर्यंत. शिस्तभंगाचं ६३ वेगळंच. कायदा आहे, पण अर्ज असा लिहिला जातो की कायद्याला धरायला काही सापडत नाही.

अर्जात ‘हवालदार साहेबांनी माझ्याशी गैरवर्तन केले’ असं लिहिलं की संपलं. गैरवर्तन म्हणजे शिवीही होते. चौकशी करणारा सोयीचा अर्थ घेतो. असं लिहावं: ‘अमुक तारखेला रात्री २२४० वाजता बॅरेकीत माझ्या खाटेजवळ हवालदार अमुक यांनी माझी चड्डी खाली ओढून गुप्तांग धरले. मी दोनदा नको म्हणालो. शेजारच्या खाटेवर शिपाई अमुक जागे होते.’ तारीख, वेळ, जागा, कोणी, नेमकं काय केलं, कोणी पाहिलं, बस. लाज वाटते म्हणून मधला शब्द गाळू नये, खटला त्याच शब्दावर उभा राहतो. ‘त्याचा स्वभावच तसा आहे, आणखी पाच-सहा जणांना केलं असेल’ असले अंदाजही नकोत. जाणूनबुजून खोटा आरोप केला तर कलम ५६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि धमकी देणारे याच कलमाची देतात. जे घडलं तेवढंच लिहिणाऱ्याला त्याची भीती नाही.

अर्ज कलम २६ खाली आपण ज्याच्या हाताखाली आहोत त्या अधिकाऱ्याकडे, कंपनीत असाल तर कंपनी कमांडरकडे जातो. तक्रार त्याच अधिकाऱ्याविरुद्ध असेल तर त्याच्या वरच्याकडे थेट जाता येतं, याला ‘चॅनल तोडला’ (वरिष्ठांची पायरी ओलांडली) म्हणत नाहीत. दोन प्रती काढायच्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्यायची. सैनिक संमेलनात सगळ्यांसमोर उठून बोलू नये; तिथे हसू फुटतं आणि त्या हशानंतर साक्षीदार मागे सरतात. मुलाखत मागून साहेबांसमोर एकट्याने सांगावं. वॉट्सॲपवर तर अजिबात टाकू नये, तक्रार बाजूला राहते आणि जवानावरच नियमभंगाची कारवाई चालू होते.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी (लष्कराची अंतर्गत चौकशी) बसली तर आर्मी रूल १८० प्रमाणे आरोपीला समोर बसायचा, साक्षीदारांना प्रश्न विचारायचा हक्क असतो. हे आधी माहीत नसलं की पोरगं तिथे त्याचं तोंड पाहून जबाब फिरवतं. कोर्ट मार्शलला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत आहे, कलम १२२. ‘चार वर्षांची अग्निवीरी संपली की बघू’ म्हणणाऱ्याचा पहिल्या वर्षातला मामला तोवर मुदतीबाहेर गेलेला असतो.

वकील, अमरावती

सुभेदार साहेबांनी लिहिलेल्यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आज वर्दीतल्या पुरुषासाठी जे कलम आहे, ते गावात राहणाऱ्या सज्ञान पुरुषासाठी नाही.

कामाच्या ठिकाणच्या छळाचा २०१३ चा कायदा फक्त ‘पीडित महिला’ ओळखतो, म्हणून अंतर्गत समितीचा दरवाजा जवानाला बंद. भारतीय न्याय संहितेत बलात्काराचं कलम ६३ आणि लैंगिक छळाचं ७५, दोन्हींत पीडित बाईच. पूर्वी पुरुषाला जुन्या दंड संहितेचं कलम ३७७ (अनैसर्गिक संभोगाचा गुन्हा) होतं. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांचे संमतीचे संबंध त्यातून बाहेर काढले, जबरदस्तीचा भाग मात्र गुन्हा ठेवला. १ जुलै २०२४ ला नवी संहिता लागू झाली, त्यात तो भागही आला नाही. संसदीय स्थायी समितीने तो ठेवा म्हणून २०२३ मध्येच सांगितलं होतं. त्याआधी, २०१२ च्या दिल्लीतल्या बलात्कारानंतर नेमलेल्या वर्मा समितीने पीडित कोणीही असू शकतो असं धरून शिफारस केली होती, फेब्रुवारी २०१३ च्या अध्यादेशात ‘व्यक्ती’ हा शब्द आलाही होता. कायदा होताना पुन्हा ‘स्त्री’ झाला. मला ही चूक अक्षम्य वाटते. बाईचं संरक्षण एका तसूनेही कमी न करता पुरुषासाठी वेगळं कलम ठेवता आलं असतं.

घटना ३० जून २०२४ किंवा त्याआधीची असेल तर ३७७ आजही लागतं. ठाण्यात ‘ते कलम गेलं’ म्हणून परत पाठवतात, तिथे घटनेची तारीख दाखवून अडून बसा. त्यानंतरची असेल तर अपमान करण्याच्या हेतूने हल्ला १३३, दुखापत ११५, गंभीर असेल तर ११७, कोंडून ठेवलं तर १२७, धमकी ३५१. १३३ ला फक्त दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे; लष्करी ४६(अ) ची सात वर्षं शेजारी ठेवून बघा. म्हणून आरोपीही जवानच असेल तर मी आधी लष्करी वाट धरायला सांगतो.

घटना दुसऱ्या राज्यातल्या छावणीत झाली तरी आपल्या ठाण्यात झिरो एफआयआर (हद्द न बघता नोंदवायची फिर्याद) देता येतो. घेतला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी, तरीही नाही तर न्यायदंडाधिकारी. मात्र आरोपी फौजी असल्यावर खटला कुठे चालवायचा हे सांगण्याचा अधिकार त्याच्या लष्करी अधिकाऱ्याला आर्मी ॲक्टच्या कलम १२५ ने आहे. ठाणेदार टाळतोय असं लगेच समजू नका, लष्कराचं तसं पत्र आलं का विचारा.

स्टाफ नर्स, वर्धा जिल्हा

गुदद्वारातून रक्त येतं म्हणून पुरुष ‘मूळव्याध आहे’ सांगतो, मलम घेतो आणि जातो. यात दोन नुकसानं होतात. जखम भरत नाही, आणि ७२ तास निघून जातात. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू झाली तरच उपयोग, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवस एकही दिवस न चुकवता घ्यायची. मळमळतं म्हणून आठव्या-दहाव्या दिवशी सोडणारे बरेच. जेवल्यावर घेतली की त्रास कमी होतो, आणि सोडण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. सोबत हिपॅटायटिस बीची लस, व्हीडीआरएल (गरमीची तपासणी), आणि एचआयव्ही तपासणी आज, सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी.

शरीरावरच्या पुराव्याचे नमुने घ्यायला साधारण ९६ तास असतात. अंघोळ करू नये. कपडे धुऊ नयेत, प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच ठेवू नयेत, ओल धरते आणि पुरावा कुजतो. सावलीत वाळवून वर्तमानपत्रात गुंडाळावे, प्रत्येक कपडा वेगळा. केंद्रीय आरोग्य खात्याची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वं पुरुषालाही लागू आहेत, आणि उपचारासाठी आधी एफआयआर लागत नाही.

गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सगळे ओळखीचे, म्हणून लोक जातच नाहीत. सेवाग्राम, नागपूर, अकोला, यवतमाळ, चंद्रपूरला वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आपला जिल्हा सोडून शेजारच्या जिल्ह्यात जा. आणि डॉक्टरांनाही सांगते, ‘तुम्हाला उत्तेजना आली होती का’ हा प्रश्न संमती तपासायला विचारू नका. घाबरलेल्या शरीरालाही स्पर्शाने ताठरता येते, वीर्यही सुटतं. गुदगुल्यांनी हसू येतं तसं ते आपोआप होतं. पुष्कळ पुरुष नुसत्या याच लाजेने आयुष्यभर गप्प बसतात.

निवृत्त सुभेदार, बुलढाणा जिल्हा

ताईंनी लिहिलं त्याला जोडून. सुटी संपली आणि पोरगा जात नाही म्हणतो तेव्हा घरचे त्याला ठेवून घेतात. असं करू नका. सबळ कारण नसताना सुटीपेक्षा जास्त राहणं कलम ३९ खाली गुन्हा, तीन वर्षांपर्यंत. ३० दिवस झाले की चौकशी बसून भगोडा ठरतो, मग त्याच्या तक्रारीला ‘पळण्याचं निमित्त’ म्हणतात. सुटी संपायच्या आत युनिटला लेखी मुदतवाढ मागा, शासकीय डॉक्टरचा दाखला जोडा, नाहीतर थेट कामठीच्या लष्करी रुग्णालयात हजर व्हा. तिथली नोंद त्याच्या बाजूचा कागद ठरते.

भरतीपूर्व प्रशिक्षक, वाशिम जिल्हा

अग्निवीर साडेसतराव्या वर्षापासून भरती होऊ शकतो. अठरा पूर्ण होईपर्यंत तो पोक्सो (बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) खाली बालक आहे, वर्दी घातली तरी. पोक्सोत मुलगा-मुलगी भेद नाही. सशस्त्र दलातल्या माणसाने कामाच्या ओघात किंवा नेमणुकीच्या हद्दीत बालकावर लैंगिक अत्याचार केला तर तो गंभीर प्रकारात मोडतो; शरीरात प्रवेश केला असेल तर किमान वीस वर्षं. घटनेच्या दिवशीचं वय आधी मोजा, मग कलम ठरवा.

निवासी अकॅडमीत तर सोळा-सतराची पोरं असतात. हर्निया, हायड्रोसील, व्हेरिकोसील, मूळव्याध ही तपासणी भरतीत लष्कराचे डॉक्टर करतात. अकॅडमीत ‘मेडिकलची तयारी’ म्हणून सर पोरांना कपडे उतरवायला लावत असतील तर ते तपासणीत बसत नाही. शंका असेल तर बापाने तालुक्याच्या रुग्णालयात शल्यचिकित्सकाला दाखवावं. माहीत असून कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिने, संस्थाचालकाला एक वर्षापर्यंत. १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनला नाव न सांगता कळवता येतं.

समाजशास्त्राचे प्राध्यापक, यवतमाळ

‘आपल्याकडे असं होत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी अमेरिकेचे आकडे देतो, कारण तिथे मोजलं गेलं. २०१४ च्या रँड संस्थेच्या पाहणीत वर्षभरात सुमारे २०,३०० सैनिकांवर लैंगिक हल्ला झाल्याचा अंदाज होता. त्यांत पुरुष सुमारे १०,६०० आणि बायका ९,६००. टक्क्यांत बायकांचं प्रमाण जवळजवळ पाचपट, पण फौजेत पुरुषच जास्त, म्हणून डोकी मोजली की पुरुष जास्त निघाले. त्याच पाहणीत पुरुषांनी घटनेला ‘रॅगिंग’ किंवा मानखंडना म्हणण्याचं प्रमाण जास्त होतं आणि एकाहून अधिक हल्लेखोर असण्याचंही. सुभेदार साहेबांनी रगड्याबद्दल लिहिलं, तोच शब्दांचा खेळ. हल्ला करणारा बहुतेकदा हवस नाही, हुकूमत दाखवत असतो. त्यामुळे ‘तो तसला असेल’ म्हणून पीडिताच्या किंवा आरोपीच्या लैंगिक कलाचा शोध घेणं ही चौकशीची दिशाच चुकीची.

आशा गटप्रवर्तक, चंद्रपूर जिल्हा

घरच्यांनी कसं विचारायचं तेवढं सांगते. ‘तुह्याबरोबर काही घाण झालं का’ असं नको, घाण शब्द त्यालाच चिकटतो. ‘तिकडं कोणी तुले नको तिथं हात लावला का’ एवढंच, शेतात काम करता करता किंवा गाडीवर जाताना, डोळ्यात बघून नव्हे. उत्तर नाही आलं तर पुन्हा पुन्हा खोदू नये, दोन-चार दिवसांनी एकदा. ‘मंग तू मारलं काहून नाही त्याले?’ हे बापाच्या तोंडून हमखास निघतं आणि पोरगं कायमचं मिटतं. भीतीने हातपाय गोठतात, हे बापाला आधी वेगळं बसवून सांगावं लागते. झोप नाही, दारू वाढली, दाराकडे पाठ करून बसत नाही, जीव द्यायचं बोलतो, असं असेल तर १४४१६ वर टेलि-मानस, मराठीत बोलतात. फवारणीची औषधं घरातून हलवा, त्याच दिवशी.

वकील, अमरावती

मोबाईलचं राहिलं. अंघोळीचा किंवा कपडे उतरवलेला व्हिडिओ काढला असेल तर संहितेचं कलम ७७ बाईपुरतं आहे, पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई ‘कोणत्याही व्यक्तीला’ लागतं, तीन वर्षांपर्यंत. व्हिडिओ आला त्या गप्पा खोडू नका. ज्या फोनवर आला तो फोन तसाच ठेवा, दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो घ्या, त्यात पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ दिसली पाहिजे. ‘बघ, काय आलंय’ म्हणून तो पुढे कोणालाही, अगदी भावालाही पाठवू नका. पाठवणाराही गुन्ह्यात येतो. मोफत वकिलासाठी १५१०० ला फोन करा. अर्ज जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात होतो, सोबत ओळखपत्र आणि उत्पन्नाचा दाखला न्यावा. तिथल्या खिडकीवर सगळ्यांसमोर हकीकत सांगायची गरज नाही, ‘फौजदारी सल्ला हवा’ एवढं म्हटलं की आत बसवतात.